बा, तुझं पहिलं बोलणं

बा, आज सकाळपासून तुझा आवाज आठवायला बसलेय आणि तो नीट येतच नाही. चेहरा येतो, खांद्यावरचं कांबळं येतं, चालताना डावा पाय जरासा ओढायचास तोही दिसतो. पण आवाज म्हणून जो कानात येतो, तो मी तुझ्याकडून घोकून घेतलेला, रेडिओवर लागलेला. ‘नमस्कार श्रोतेहो.’ जळो मेला तो आवाज! तू जन्मात कधी कुणाला श्रोतेहो म्हणाला नव्हतास. शहापुरात पोरांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, शेकडो पोरांचे आवाज ओळखते मी अजून, आणि माझ्या बापाचा तेवढा हरवून बसलेय. कसा हरवला ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर लिहायला घेतलं.

मुरबाडची एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून आपलं गाव तासाभराच्या चालीवर. तिथे पंचायतीच्या खोलीत सरकारने दिलेला रेडिओ होता, लाकडी पेटीत, कुलूप लावून. पेटीची किल्ली तुझ्या करगोट्याला. दिवेलागण झाली की तू हातपाय धुऊन यायचास, देवाची पेटी उघडावी तशी ती उघडायचास, आणि छपरावरचा कर्णा खरखरायला लागायचा. आधी बाजारभाव, मग शेतकऱ्यांसाठी गप्पा, मग बातम्या. बातम्या संपल्या की खटकन बंद. पुढे गाणी असायची, पोरं पाया पडायची, तरी नाही म्हणजे नाही. ‘बॅटरी काय तुजा बापूस देते?’ म्हणायचास. खरंच होतं ते. बॅटरी एकदा संपली की कल्याणहून नवी यायला महिने लागायचे आणि तोवर गाव मुकं व्हायचं.

गप्पांच्या कार्यक्रमात मुंबईची दोन माणसं गावकरी होऊन बोलायची. त्यांचं ऐकता ऐकता तुम्ही लोक पेटीशीच भांडायचात. ‘हा कदी नांगराच्या मागं चालला नाय, गळा सांगते त्याचा!’ कार्यक्रम संपला की श्रोता मंडळाची चर्चा व्हायची आणि जे ठरेल ते मुंबईच्या केंद्राला लिहून पाठवायचं असा नेम होता. मंडळाचा निमंत्रक तू, आणि तुला तर अक्षर ओळखता येत नव्हतं. म्हणून मुरबाडच्या शाळेतून सुट्टीला आले की मला कोपऱ्यात बसवायचास. त्या खोलीत बाईमाणूस मी एकटी. मी लिहायची, तू अंगठा उठवायचास आणि सगळ्यांकडे असा बघायचास की मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

त्या वर्षी जपानी भातशेतीचं फार चाललं होतं. राब भाजू नका, गादीवाफे करा, शेणखत घाला, रोज तेच. आपल्याकडे चैत्र-वैशाखात आयनाच्या झाडांच्या फांद्या, पाला, गवत रोपाच्या जागेवर पसरून जाळल्याशिवाय, म्हणजे राब भाजल्याशिवाय, कुणी भात पेरला नव्हता. मंडळ खवळलं. मी तसं पत्र लिहिलं, आणि काय नवल, मुंबईहून उत्तर आलं की आमचा माणूस मशीन घेऊन येतोय, तुमचं म्हणणं तुमच्याच तोंडून रेडिओवर देऊ. सगळ्यांनी एकमताने तुझं नाव घेतलं. ‘तूच बोल. पन आपला राबाचा सोडायचा नाय.’ तू शब्द दिलास.

आणि मी काय केलं? मुरबाडला आमच्या बाई रेडिओ ऐकायच्या. वर्गातल्या वाण्याच्या, मास्तरांच्या मुली ऐकायच्या. माझा बाप रेडिओवर ‘आमी’ आणि ‘नाय’ करणार या विचाराने माझी झोप उडाली. मी कागदावर शुद्ध भाषेत एक भाषण लिहिलं, केंद्राचे आभार, नव्या पद्धतीची स्तुती, राबाचं अक्षरही नाही, आणि आठ दिवस ते तुझ्याकडून घोकून घेतलं. तू बांध घालताना मी बांधावर बसून चुका काढतेय, तू पुन्हा म्हणतोयस. ‘यात राबाचा कुठं हाय गो?’ एकदाच विचारलंस. ‘रेडिओवर भांडायचं नसतं,’ मी म्हटलं. चौदा वर्षांची शहाणी!

साहेब आले ते पोरसवदाच होते, चष्मेवाले. मशीन पंचायतीच्या ओट्यावर ठेवलं, दोन चाकं फिरायला लागली, आणि तू सगळं घोकलेलं विसरलास. कांबळं सारखं केलंस आणि सुटलास. ‘सायब, तुमी बोलता शेण घाला. माज्या दारात चार गुरां. त्याच शेणात चूल, त्याच शेणात अंगण. वाफ्याला काय माजी हाडां घालू? राब भाजला का तण मरते, किडा मरते, रोप हासत वर येते. तुमचा तो जपानी मानूस एक पाऊस आमच्या वरकस जमिनीवर काढू दे, माज्या घरात ऱ्हाऊ दे, आमी त्याला नाचणीची भाकर घालू. मंग तो बोलेल ते ऐकू.’ लोक पोट धरधरून हसले. साहेबही हसले. म्हणाले, असं बोलणारा माणूस मला महिन्याभरात भेटला नव्हता.

मी तेवढी हसले नाही. मी साहेबांजवळ गेले आणि कागद दाखवला. हे बोलायचं ठरलं होतं, म्हटलं. साहेब विचारात पडले. ‘टेप एवढीच उरलीय बाळ. दुसरं घेतलं तर याच्यावरच घ्यावं लागेल, हे पुसलं जाईल. तुम्ही मंडळाच्या लेखनिक ना, सांगा काय करू?’ तू तेव्हा त्यांच्यासाठी शहाळं सोलत होतास, चार पावलांवर. मी म्हटलं, पुसा.

तू पुन्हा येऊन बसलास आणि माझ्या तोंडाकडे बघत बघत सगळं घडाघडा म्हटलंस, शाळेतल्या पोरासारखं, मध्ये एकदाही न अडता. लोकांनी कुरकुर केली तेव्हा तूच समजावलंस, ‘आरं, पयला माजा, मागला पोरीचा. दोनी लागतील.’ टेपवर दुसरं घेतलं की पहिलं जातं हे तुला कोण सांगणार? पाटीवरचं पुसलेलं दिसतं. ते दिसलं नाही.

कार्यक्रम लागला त्या दिवशी पाड्यावरची माणसंसुद्धा आली होती. ‘नमस्कार श्रोतेहो’ झालं, आभार झाले, स्तुती झाली. सगळे पुढचं ऐकायला थांबले. बातम्या लागल्या. बातम्या संपल्या. तू बंद केलं नाहीस. गाणं लागलं, दुसरं लागलं, तरी तू पेटीवर हात ठेवून बसलास. मग कुणीतरी म्हणालं, ‘विकला रं आपल्याला. शब्द देऊन सायबाचा गोडवा गायला.’ तू एवढंच म्हणालास, ‘माजा लागेल. आज टाइम नसंल.’ मी कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसले होते, बा. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत संपलं असतं. पुढच्या महिन्यात त्यांनी तुझ्याकडून किल्ली घेतली. तू करगोट्याची सोडून दिलीस, आणि नंतर खोलीत न जाता रस्त्यावर उभा राहून कर्णा ऐकायचास. तुझं बोलणं लागतंय का, म्हणून.

तू गेल्यावर, नोकरीला लागले तेव्हा, मी एकदा मुंबईला त्या केंद्रात जाऊन आले. चौकशीच्या खिडकीतले गृहस्थ चांगले होते, त्यांनी रजिस्टर काढून पाहिलं. इतकं जुनं कुठलं असायला, म्हणाले. मी त्यांना काय शोधतेय ते नीट सांगितलंसुद्धा नाही.

तू जायच्या आदल्या दुपारी मी ट्रेनिंग कॉलेजातून आले होते. ताप उतरत नव्हता, तरी मला बघून उठायला बघत होतास. मी पाणी पाजलं. तू म्हणालास, ‘तो माजा लागला का गो कदी?’ इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, लागला बा. परवाच लागला. तू झोपला होतास.

‘हासली लोकां?’

‘हसली. पोट धरून हसली.’

तुझं तोंड असं उजळलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. जरा वेळाने माझा हात धरून म्हणालास, ‘मंग तू वाईट नको वाटून घेऊ. तुजापन चांगला व्हता.’

बा, तो कधी लागलाच नाही. हे पत्र धाडायला पत्ता नाही, हे तर खरंच. पण तू असतास तरी तुझी पत्रं वाचून दाखवणारी मीच होते, आणि हे वाचताना मी पुन्हा दुसरंच काहीतरी वाचलं असतं.