पंधरा खिळ्यांची भिंत आणि सहावे कलम

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा फोटो आणि चित्रांना फ्रेम करणे, अविवाहित, आज पूर्ण शुद्धीवर असून लिहितो की पुढचा मजकूर माझ्या अकलेने आणि माझ्याच हाताने लिहिलेला आहे. कोणी मानगूट धरून लिहवून घेतलेला नाही. कसलीही नशा केलेली नाही. माझे डोके ठिकाणावर आहे का याबद्दल या कागदाचे दुसरे साक्षीदार, आमचे मास्तर, यांना शंका आहे, पण ती त्यांना वीस वर्षांपासून आहे, तेव्हा कायद्याने ती धरू नये. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही," पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता फाइलकडे बघत होते. म्हणून हे मृत्युपत्र. याआधी लिहिलेले काही सापडलेच तर ते रद्द समजावे.

कलम १. माझ्या देहाचे जे करायचे ते थोडक्यात करावे. आमच्या बास्केटबॉल संघाचा झेंडा अंगावर घालू नये. गेल्या हंगामात ते ज्या रीतीने हरले, त्यानंतर त्यांच्या रंगात जायची माझी इच्छा नाही.

कलम २. दुकान, मागची खोली, करवत, कोन कापायचा साचा, काच कापायची हिऱ्याची कणी, पट्ट्यांचा सगळा साठा, हे माझ्याकडे अकरा वर्षे काम करणाऱ्या कारागीर बाईंना निरंकुश मालकी हक्काने द्यावे. फ्रेमचा कोपरा त्यांचा माझ्यापेक्षा चांगला जुळतो, हे मी त्यांना कधी बोललो नाही. गिऱ्हाइकांनी यापुढे त्यांना "मालक कुठे आहेत?" असे विचारू नये.

कलम ३. दुकानाच्या डाव्या भिंतीवर तीन ओळींत पंधरा खिळे आहेत. संघात पंधरा खेळाडू, म्हणून पंधरा खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका खेळाडूचा फोटो, माझ्या हातच्या फ्रेममध्ये. हंगाम संपला की जूनमधल्या शनिवारी दुपारी दुकानात आम्हा चाहत्यांची सभा भरते. पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचे, कोणाचा करार वाढवायचा, कोणाला सोडायचे, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचे, यावर आम्ही घसा बसेपर्यंत भांडतो. क्लब आम्हाला विचारत नाही. आम्ही कोण हेही क्लबला ठाऊक नाही. तरी भांडतो.

नियम असा: ज्याला एखादा खेळाडू नको असेल त्याने उठून त्याचा फोटो खिळ्यावरून काढायचा, हातात धरायचा आणि कारण सांगायचे. कारण कोणाला खोडता आले नाही तर फोटो खाली राहतो. खोडले गेले तर ज्याने काढला त्यानेच सगळ्यांदेखत तो परत लावायचा. बाकीचे तेव्हा ओरडतात, "लावा परत! लावा परत!" ऐकायला गंमत वाटते. हातात फोटो घेऊन जो उभा असतो त्याला विचारा. कारागीर बाईंनी हे खिळे ठेवावेत की उपटावेत, हे त्यांनी या मृत्युपत्राचे सहावे कलम वाचून ठरवावे.

कलम ४. मैदानावरची माझी राखीव खुर्ची, रांग नववी, शेजारची खुर्ची जिची आहे त्या बेकरीवालीला द्यावी. तिला पाय पसरायला जागा होईल. सहा वर्षांपूर्वी आपल्या डावखुऱ्या नेमबाजाच्या बदल्यात दोन नवखी पोरे घ्यावीत असे ती म्हणाली होती आणि मी तिला वेड्यात काढले होते. डावखुऱ्याचा खेळ पुढच्याच वर्षी संपला आणि त्या दोन पोरांनी दुसऱ्या संघाला करंडक मिळवून दिला. बाई, तुझेच बरोबर होते. जिवंत असेपर्यंत हे मी कबूल करणार नाही, म्हणून इथे लिहितो.

मास्तरांना काहीही देत नाही. ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात. मला त्याचे अजिबात वाईट वाटत नाही. त्यांनी शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्यावर उगवले. कोण मैदानावर असताना समोरचा संघ किती गुण कमी करतो, हे ते वहीतून काढून तोंडावर फेकतात. तेव्हा माणसाला बोलायला जागाच राहत नाही.

कलम ५. राहते घर, बँकेत जे काही असेल ते, आणि घरातल्या सर्व वस्तू माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, द्याव्यात. तिच्या हक्कावर दुसऱ्या कोणी नातेवाइकाने हरकत घेऊ नये. आई गेल्यावर तिने मला वाढवले. ती दर रविवारी सकाळी येते, मी चहा करतो, ती खुर्चीत बसते आणि विचारते, "काय रे, यंदा कोणाला काढलंत भिंतीवरून?" मी सांगतो आणि ती हसते. दर रविवारी मी तिच्यासमोर बसून खोटेपणा करतो. तो पुढीलप्रमाणे.

कलम ६. ताई क्लबच्या उपचार खोलीत बावीस वर्षे फिजिओथेरपिस्ट होती. खेळाडूंचे खांदे, घोटे, पाठी तिच्या हाताखालून जात. त्या वेळी संघाचा कप्तान 'उंट' होता. मान लांब आणि चाल सावकाश, म्हणून आम्ही ठेवलेले नाव. तो अकरा वर्षे आमच्यासाठी खेळला. चौदा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये त्याचा करार संपत होता आणि क्लब त्याला आणखी तीन वर्षे देणार असे पेपरात आले होते.

त्या आठवड्यात गुरुवारी ताई माझ्याकडे जेवायला होती. तिचे हात दुखत होते. ती म्हणाली, "आज उंट माझ्या टेबलावर लहान मुलासारखा रडला रे. डावा गुडघा गेलाय त्याचा. हाडावर हाड घासतंय. म्हणाला, ताई, क्लबच्या लोकांना मीच सांगेन, मला आठवडाभर द्या." मग म्हणाली, "कुणापाशी बोलू नकोस हं." मी म्हणालो, "मी कोणाला सांगणार?"

शनिवारी सभा भरली. मी उंटाचा फोटो खिळ्यावरून काढला आणि म्हणालो, "चौतीस वर्षांच्या माणसाला तीन वर्षं? त्याच्याच जागेवरचा आपला तरुण सेंटर बाकावर बसून म्हातारा होईल." मास्तर उठले. त्यांनी वही उघडली. उंट मैदानावर असताना काय होते आणि नसताना काय होते, एकेक आकडा. "वय हे काही कारण नाही," ते म्हणाले. "आकडा असेल तर द्या, नाहीतर फोटो लावा." बेकरीवालीने टाळ्या सुरू केल्या. "लावा परत! लावा परत!" बारा-तेरा माणसे ओरडत होती. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी खिळ्याकडे वळलोही होतो.

तेवढ्यात मी म्हणालो, "त्याच्या डाव्या गुडघ्यात काही उरलेलं नाही. हाडावर हाड घासतंय. तीन वर्षं सोडा, तीन महिने चालला तर नशीब."

मास्तरांनी विचारले, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

माझी बहीण कुठे काम करते हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते. मास्तरांनी वही मिटली. फोटो खाली राहिला. मी जिंकलो.

सोमवारी चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर 'आतल्या गोटातून कळते' असे आले, मंगळवारी पेपरात. कोणी लिहिले हे मी कधी शोधले नाही, कारण बोललो मी होतो. क्लबने करार मागे घेतला. उंट दूरच्या एका संघात एका वर्षासाठी गेला, अकरा सामने खेळला आणि थांबला. गुडघा तसाही जायचाच होता. पण ते कधी आणि कोणाला सांगायचे, हे त्याचे होते. ते मी टाळ्या बंद करायला वापरले.

बुधवारी ताई आली. दारातच म्हणाली, "खरं सांग, तू कुणापाशी बोललास का? बोलला असशील तर मी क्लबच्या चौकशीत कबूल करते. घरी बोलले, चूक झाली, माफी मागते. ओरडतील, पण ठेवतील." तिने मला वाटही करून दिली होती.

मी म्हणालो, "नाही."

ती चौकशीला गेली आणि म्हणाली की माझ्या घरातून ही गोष्ट गेलेली नाही, माझ्या भावाच्या जिवाची शपथ. उंटाने गुडघ्याचे तिच्याशिवाय कोणाला सांगितले नव्हते, म्हणून त्यांना ते खोटे आहे हे कळत होते. ती खोटे बोलली म्हणून त्यांनी तिला काढले. चुकीसाठी नव्हे. बावीस वर्षांचे सामान एका बॅगेत भरून ती बाहेर आली तेव्हा फाटकात मी उभा होतो. बॅग मीच उचलली. वाटेत ती म्हणाली, "तू होतास म्हणून बरं." मी रस्ता बघत चालत राहिलो.

मी 'नाही' का म्हणालो? घाबरलो होतो. चौदा वर्षे मी याला जरा बरे नाव शोधतो आहे, सापडलेले नाही. ताई, मी नालायक भाऊ आहे. मला माफ कर असे लिहायची माझी लायकी नाही, तरी लिहितो.

कलम ७. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून वकिलांकडे ठेवावे आणि माझ्या मृत्यूनंतर महिन्याभराने ताईला द्यावे. तोवर तिचे रडून झालेले असेल.

ठिकाण: दुकानाच्या मागची खोली. मंगळवार, १० जून.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी: (सही)

साक्षीदार दुसरा: मी सही करणार नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे हे फ्रेमवाले म्हणाले, पण न वाचता मी आयुष्यात एक उत्तरपत्रिका तपासलेली नाही. आम्हा सगळ्यांना चौदा वर्षे वाटत होते की ताईंना ठाऊक आहे, त्यांनी भावाला पाठीशी घातले. म्हणून आम्ही गप्प बसलो आणि त्यांना मान देत राहिलो. त्यांना फसवले होते हे आज कळले. ताई पंचाहत्तर वर्षांच्या आहेत. त्या आधी गेल्या तर हा कागद कोण कोणाला वाचून दाखवणार? आधी जाऊन सांगा. मग सही मागा. मास्तर.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून मी पुढील बदल करीत आहे. हेही शुद्धीवर, आणि या वेळी मास्तरांच्या दडपणाखाली. ते कायद्यात बसत नसेल तर न बसो.

बुधवारी संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ती धुतलेले कपडे घडी करत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले, कारण बसलो असतो तर दुसरेच काहीतरी बोललो असतो. एका अभ्र्याची घडी ती मोडत, परत घालत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा त्या उंटाने मला फोन केला होता. विचारलं, ताई, तुमच्याकडून गेलं का? मी म्हटलं, नाही रे बाळा, माझ्यावर विश्वास ठेव. आणि त्याने ठेवला." अभ्रा बाजूला ठेवून म्हणाली, "घर नको मला." मग म्हणाली, "जा तू आता." मी आलो.

सबब, कलम ५ मध्ये बदल: घर ताईने नाकारले आहे. तरी तिचे नाव मी खोडत नाही. तिने घेतलेच नाही, तर कलम २ मधील बाईंना जावे.

कलम ६ ची नक्कल उंटाला रजिस्टर टपालाने पाठवली आहे. तो आता लांबच्या गावी मुलींच्या संघाला शिकवतो. उत्तराची अपेक्षा नाही.

कलम ७ रद्द. पाकीट नको, वकील नको, महिना नको. आज जूनमधला शनिवार आहे, सभा भरली आहे, बाहेर संघातल्या तरुण गार्डला सोडायचे की नाही यावरून दंगा चालू आहे. सहावे कलम मी आता त्या भिंतीसमोर उभा राहून मोठ्याने वाचणार आहे. बेकरीवालीकडून ताईला निरोप धाडला आहे. बेकरीवाली म्हणाली, "ऐकून घेतलं त्यांनी, पण येते म्हणाल्या नाहीत." तिने न येणेच बरोबर.

ठिकाण: तेच. शनिवार, १४ जून.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला, शिंपी: (सही)

साक्षीदार दुसरा, मास्तर: (सही). मजकूर वाचला आणि समक्ष ऐकला, दोन्हीसाठी सही करतो. सभेत चौदा माणसे हजर होती. ताई वाचन सुरू झाल्यावर आल्या. खुर्ची दिली, ती घेतली नाही, दारातच उभ्या राहिल्या. चौदा वर्षांपूर्वीच्या बुधवारच्या प्रसंगाशी, जिथे त्यांनी विचारले आणि यांनी उत्तर दिले, तिथे यांचे वाचन थांबले आणि कागद खाली आला. मी तो घेऊन पुढे वाचणार होतो. ताई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही नाही. त्यालाच वाचू दे." यांनी शेवटपर्यंत वाचले.