मागच्या खोलीचा आकडा

४ मे, अकोला
हवा मोजायच्या तीन डब्या घरीच जोडल्या. खरी किंमत: दोन भाजलेली बोटं, एक जळलेला चार्जर आणि साधनाचा आठ दिवसांचा अबोला. बायकोला वाटतं, या वयात खेळणी कशाला. पण दमा तिलाच आहे. दर्यापुरात तीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या, आता अकोल्यात स्वतःचं कूलरचं दुकान आणि हे भाड्याचं घर. ओळीत तीन खोल्या, प्रत्येकीत एक डबी, आकडे मोबाईलवर. हवा चांगली निघाली तरच साधना दर्यापूरहून येणार.

डबी उच्छ्वासातला वायू मोजते. अंगणात चारशेवीस, बंद खोलीत माणूस झोपला की दोनेक तासांत हजारावर. मला स्वतःला तिची गरज नाही. मोटारीचं कोणतं बेअरिंग गेलं ते मी रस्त्यावरून, नुसत्या आवाजावर सांगतो. साधनाचा श्वास तर हजार माणसांत ओळखीन. शेवटी बारीक शिट्टी वाजते.

६ मे
समोरची, मधली ठीक. मागची खोली रिकामी, कुलूपबंद. पण दुपारी एक ते चार तिचा आकडा अकराशे. चारनंतर उतरतो. जोडणीत माझीच चूक असणार.

७ मे
तिन्ही डब्या कडुनिंबाखाली ठेवल्या. तिन्ही चारशेवीस, म्हणजे डब्या चांगल्या. मग दुकानातली जुनी रीत, अदलाबदल. दोष भागात असला की भागासोबत फिरतो. मागची डबी समोर आणली, समोरची मागे नेली.
दोष फिरला नाही. खोलीतच राहिला.

८ मे
भर दुपारी मागच्या दाराला कान लावला. आत श्वास. संथ, आणि शेवटी शिट्टी. तिथूनच दर्यापूरला फोन केला. साधनाने उचलला, बरी आहेस का विचारलं तर हसली. म्हणाली, "अवो, जित्ती हाव मी. तुमाले ऊन लागलं काय?"
ती बोलत होती तेव्हाही दारामागे शिट्टी चालूच.

९ मे
दार उघडलं. कोणी नाही. शेजारघराला लागून असलेल्या भिंतीत बोटभर फट. हवा तिथूनच येते, शिट्टीही तीच वाजवते. पलीकडे राहणाऱ्या पार्वताबाईंना विचारलं, दुपारी भिंतीपलीकडे चूल पेटते का. त्यांनी मला खालीवर पाहिलं. "भाऊ, एवढ्या उन्हात कोन रांधते? सारा मोहल्ला झोपून राह्यते."
तरी फट सिमेंटने बुजवली. बुजवताना बोटाला हवा लागली. दमट, कोमट. तोंडातून यावी तशी.

१३ मे
चार दिवस मागचा आकडा चारशेवीस. शिट्टी बंद. दोष सापडला! साधनाला ये म्हटलं. तिने दोनदा विचारलं, नक्की ना. म्हटलं, डबी खोटं बोलेल, माझे कान नाही.

१६ मे
साधना आली. आल्याआल्या माझ्या पोळ्यांची थट्टा. कूलरची ओल तिला सोसत नाही, म्हणून मधल्या खोलीत पंख्याखाली झोपते. दार लावून. मी समोर. श्वास ऐकत पडलो. संथ. शिट्टीसकट. घर भरल्यासारखं वाटलं. उठली तेव्हा मधला आकडा नऊशेऐंशी. अगदी बरोबर.

१७ मे
दुपारी १.३०. साधना झोपली. मधला सहाशे, चढतो आहे. दुकानाचं पत्रक लिहायला बसलो.

२.१०. मधला आठशे. मागचा पाचशे — मागे तर कोणी नाही. सिमेंट तडकलं असेल. उद्या पाहू.

२.४०. मधला चढायचा थांबला. सातशेनव्वद. सातशेऐंशी. डबी अडकली बहुतेक. उठून पाहावं, तर तिची झोप मोडेल. श्वास छान चालला आहे, इथून स्पष्ट —

३.०५. मधला सातशे. मागचा हजार. अदलाबदल करायला हवी. पण ७ तारखेला केली होती. डब्या चांगल्या आहेत. डब्या —

३.२०. मधलं दार उघडलं. हाक मारली. दोनदा. पंखा चालू आहे. हात लावला. साधनाची छाती हलत नाही.

श्वास अजून येतो आहे. संथ. शिट्टीसकट. मागच्या