बोटीला पाट लावला, त्याची खबर

अहो,

शर्वरी म्हणाली, आजी, पत्राच्या वर 'प्रिय' लिहायचं असतं. मी लिहिलं आणि खोडलं. उभ्या जन्मात तुम्हाला 'अहो'शिवाय काही म्हटलं नाही, आता या वयात कुठलं प्रिय. तुम्ही ओळखालच. अक्षर वाकडं आहे, तेही ओळखाल. तिसरीच्या पुढं मला शाळेत ठेवलं कुणी?

लिहायला बसले ती एवढ्यासाठी, की एक बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जायच्या आधी माझ्याकडून जावी. आपल्या घरात पाट लागला. दचकू नका. माझा नव्हे. बोटीला लागला.

झालं असं, की माहेरी यमुनावहिनीला फोन केला आणि हौसेनं म्हटलं, "वहिनी, आम्ही पाट लावला गो." वहिनीनं आधी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणते, "वन्सं, या वयात? कोन हाय तो? रोह्याचा की पेणचा?" मी आपली सरळ सांगते, "लावणारा पेणचा, पण पाट ऱ्हानार रोह्यात." नवरा गेल्यावर बाईनं दुसरा घरोबा केला की त्याला पाट लावला म्हणतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्या डोक्यात त्या स्टीलच्या दोन पट्ट्या. हसून हसून वहिनीला ठसका लागला. आता ती गावभर सांगणार, आणि त्या गावातली निम्मी माणसं तुमच्याकडं पोचलेली. म्हणून ही घाई.

पहिल्यापासून सांगते. माणसं खाडीपार न्यायची तुमची तर बंद पडली, होडी गेली, नंतर तुम्हीही गेलात. दिलीप कंपनीत शिफ्ट करतो. त्याची शर्वरी, जी फ्रॉक घालून तुमच्या सुकाणूला लोंबकळायची, ती आता शनिवार-रविवारी पाहुण्यांना खाडीत फिरवते. बापलेकीनं मिळून जुनी जेट बोट घेतली आहे. तिला खाली पंखा नाही. पोटात पाणी ओढते आणि मागून पिचकारीसारखं फेकते. ओहोटीच्या चिखलातसुद्धा अडकत नाही. तुम्ही असतात तर आधी नाक मुरडलं असतं आणि मग कुणी बघत नाही असं बघून सुकाणू धरलं असतं. व्हय की नाय?

पण त्या बोटीला एक खोड होती. धावायला लागली की नाक वर. समोर बघावं तर आभाळ. आणि मी बसले की माझ्या बाजूला कलायची. दिलीप म्हणाला, "आई, तू आपली गाडीनं जा माहेरी. बोट तुला झेपायची नाय." मी म्हटलं, "मी तिला झेपत नाय असं बोल ना सरळ." 

तुम्हाला ठाऊक आहे मला गाडीनं जायला का आवडत नाही. होडी गेल्यापासून मी माहेरी रस्त्यानंच जाते, आणि रस्ता घराच्या पाठीमागून येतो. परसातून, गोठ्यावरून, चुलीपाशी शिरायचं. माहेराला मागच्या दारानं गेल्यासारखं वाटतं. ओटी खाडीकडं तोंड करून. वहिनीचे गुडघे गेले तेव्हापासून ती दिवसभर त्या ओटीवर बसून पाण्याकडं बघते. मला एकदा समोरून यायचं होतं. तुम्ही न्यायचात तसं. दोघींचीही वयं झाली, आता पुढच्या वर्षावर काय ढकलायचं?

शर्वरी म्हणाली, "बाबा, ट्रिम टॅब लावू. आजी बसली तरी बोट सपाट चालंल." मला तिनं जेवणाच्या ताटावर समजावलं. बोटीच्या पाठीला, तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक पट्टी. बिजागरीवर हलणारी. पट्टी खाली केली की धावतं पाणी तिच्यावर आपटतं आणि बोटीची पाठ उचलतं. पाठ उचलली की नाक खाली. एकाच बाजूची खाली केली तर तीच बाजू उचलते. मी म्हटलं, "म्हणजे गो, डुगडुगत्या माणसाखाली पाट सरकवायचा." त्या दिवसापासून घरात सगळे त्यांना पाट म्हणतात.

तुम्ही हे काम माणसांवर करायचात. जाडा सावकार मागं, पोरं पुढं, कोळणीची पाटी या अंगाला, बकरी त्या अंगाला. कुणी बोललंच तर म्हणायचात, "होडी माझी हाय, बसायचं मी सांगनार." आणि मला कायम मधली फळी. नवी नवरी होते तेव्हाही मधली फळी. मला होडीच्या नाकावर, नाळेवर बसून पुढून पाणी बघायचं असायचं. एकदा तरी बसू दिलंत का? "तू मधी बस, तू असलीस म्हंजे तोल ऱ्हातो." ते मी जाड म्हणून बोलायचात, की आणखी कशासाठी? इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं.

तर पाट निवडणं. दिलीपला सगळ्यांत मोठे हवे होते. टीव्ही घेतानाही तो असंच करतो. पेणचा मोरू मिस्त्री, पूर्वी गणपतीच्या कारखान्यात साचे करायचा, आता फायबरच्या बोटी दुरुस्त करतो, तो वाटेत गडब गावी चहा पिऊन डुलत डुलत आला आणि बोटीच्या पाठीशी बसला. म्हणाला, "दिलीपशेट, मोठं लावलं तर नाक पाण्यात खुपसंल, वळताना अंगावर येईल. आनि मधी हे तोंड हाय पिचकारीचं. मागं घेताना त्याच्यावर झाकन पडतं. रुंद पाट त्याला आडवा येनार." शर्वरीनं फोनवर शोधून ठेवलेच होते: अरुंद, पण लांब. स्प्रिंगवाले मिळत होते, बटण नको, वायर नको, आपोआप हलणारे. ते ती नको म्हणाली. आज पाहुणे, उद्या आजी, वजन रोज बदलतं, तर दोन्ही बाजूंना वेगळं बटण पाहिजे. स्टीलचे घेतले, खारं पाणी आहे म्हणून, आणि स्क्रूसुद्धा त्याच स्टीलचे. वेगळा धातू लावला की खारं पाणी एकाला खातं, असं मिस्त्री म्हणाला.

माझ्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी माप घेतलं. पाट तळाच्या कडेला नाही लावायचा, बोटभर वर लावायचा, नाहीतर पाणी धरून ठेवतो. भोक पाडायची वेळ आली तर शर्वरीचा हात पुढं जाईना. आपल्याच बोटीला आपणच भोक कसं पाडायचं? मी दोन्ही पाटांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हटलं, "पोरी, कान टोचताना तू पण रडलीस. आता शोभतात ना?" मग पाडली. प्रत्येक भोकात, पाणी शिरू नये म्हणून, चिकट मलम भरलं. दिलीप म्हणाला, "आई, पाटाला हळद लावलीस, लोक काय म्हनतील." तेव्हा तरी मला उमजायला हवं होतं.

आता गोंधळ ऐका. तो तुमच्यामुळं झाला. तुम्ही कधी डावं-उजवं बोललाच नाहीत. तुमच्या होडीला दोन बाजू, घरची आणि माहेरची. खाली, समुद्राकडं जाताना घरचा काठ डाव्या हाताला, माझ्या माहेरचा उजव्या हाताला, म्हणून तशी नावं. दिलीप त्याच बोलीवर वाढला. त्यानं दोन्ही बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: 'घर' आणि 'माहेर'. वर मला म्हणतो, "बाबांची आठवन." मला भरून आलं. कुणाच्या लक्षात आलं नाही की परत येताना काठ बदलतात, बटणं नाही.

पहिल्या फेरीला खाली जाताना बोट माझ्या बाजूला कलली, शर्वरीनं 'माहेर' दाबलं, बोट सरळ. मी टाळ्या वाजवल्या. अर्ध्यातून वळलो. मी त्याच जागी, उजव्या अंगाला, पण आता तिकडं घरचा काठ. बोट पुन्हा माझ्याकडं कलायला लागली. दिलीप सवयीनं ओरडला, "घरची बाजू बसली, घर दाब!" पोरीनं 'घर' दाबलं. ते डावीकडचं. डावी बाजू उचलली आणि मी पाण्याकडं. खाडी माझ्या मांडीत आली म्हणा ना. केशरी जाकीट, भिजलेलं लुगडं, आणि मी हसतेय. दिलीप मात्र पांढरा पडला. धक्क्यावर उतरल्यावर म्हणाला, "बस झालं. आई बोटीनं जानार नाय."

तुम्हाला सांगते, एवढं वाईट मला गुडघ्याच्या ऑपरेशनचंही वाटलं नव्हतं. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. भाकरी वाढायची, बोलायचं नाही. शर्वरीनं चिठ्ठ्या काढल्या. म्हणाली, "आजोबांची भाषा काठावर ठीक हाय, बटनावर नको." मी म्हटलं, "मग मला डावं-उजवं कसं कळनार?" तिनं उजव्या बटणावर लिहिलं 'जेवता हात'. ते मला कळतं. मग बापाला धक्क्यावर बसवून तिनं एकटीनं बोट चालवून दाखवली, माझ्या जागी तांदळाची पोती ठेवून. दोनदा गेली, दोनदा आली. तिसऱ्यांदा दिलीप पोत्यांकडं बघत मला म्हणाला, "चल, बस. पन मी पन येनार."

काल गेलो. भरती होती. बोट धावायला लागली, नाक उचललं, मला आभाळ दिसलं. मग शर्वरीनं दोन्ही पाट खाली केले. अहो, हळूहळू नाक खाली आलं, जसा कुणी डोळ्यांवरचा पदर बाजूला करावा, आणि समोर धक्का, धक्क्यामागं ओटी, ओटीवर वहिनी. तिनं काठी वर केली. मी पहिल्यांदा माझं माहेर पुढून येताना पाहिलं. धक्का जवळ आला की तुम्ही बांबू घेऊन पुढं, म्हणून मधल्या फळीवरून मला नेहमी तुमची पाठच दिसायची.

वहिनी धक्क्यापर्यंत येऊ शकली नाही. मी वर गेले. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि विचारलं, "पाव्हना कुठं हाय?" दिलीपनं लाजत बोटीच्या पाठीकडं दाखवलं. ती म्हणाली, "दोन दोन?"

मग मी तिला मधल्या फळीचं विचारलं. ती म्हणाली, "वन्सं, तुमचं लग्न ठरलं तेवा तुमच्या भावानं त्यांस्नी सांगितलेलं, आमच्या पोरीस पोहता येत नाय. मधल्या फळीवरनं कोन पडत नाय." असं होतं होय? आणि मी चाळीस किलोची असल्यापासून वजनाला दोष देत बसले. मला का नाही सांगितलंत? मी लाजेन म्हणून? रागावले नाही मी. थोडी रागावलेय.

येताना ऊन खाडीवर उतरलं होतं. मी म्हटलं, "शर्वरी, आता घर कुठल्या अंगाला आलं गो?" तिनं जेवत्या हाताचं बटण जरा दाबलं, बोट सपाट झाली. म्हणाली, "समोर, आजी."

समोरच होतं.

एक वचन देते. या घरात लागला तो एवढाच पाट. आणि यापुढं माहेरी जाईन ती पाण्यानंच, अंग चालेल तोवर. बसेन मात्र पुढं.

तुमची,
मधल्या फळीवरची