बाबांची नऊ बटणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

'पाणी' हे बटण बाबांना दोन सूत डावीकडे हवं आहे.

टॅबलेटवर नऊ बटणं आहेत. दाबलं की शब्द मोठ्याने ऐकू येतो. पाणी, चहा, पंखा, दुखतंय, संडास, झोप, बाहेर, हो, नाही. झटका आल्यापासून बाबांची जीभ वळत नाही, उजवा हात उठत नाही. डोकं पूर्वीइतकंच तिखट आहे. बटणं मी बनवली. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसासाठी बटणं बनवणं हे धाडस होतं, हे आता कळतंय.

दोन सूत सरकवलं. कंपाइल केलं, म्हणजे अख्खं अ‍ॅप नव्याने बांधून घेतलं, केबल लावली, टॅबलेटवर चढवलं. वीस मिनिटं. बाबांनी पाहिलं. 'नाही' दाबलं.

असं चार वेळा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या हाताने लिहा म्हणून वही दिली. वही पालथी. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काका, वाकडंतिकडं आलं तरी चालेल." बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मुकाट्याने पायांच्या व्यायामाकडे वळली. वाकडं अक्षर ते कोणाला दाखवणार नाहीत. हॉस्पिटलातून घरी आले त्याच दिवशी खुणेने ब्रशांचा डबा माळ्यावर टाकायला लावला. तो विषय घरात बंद.

कीबोर्ड दिला. काना-मात्रा शोधताना दोन अक्षरांत दम गेला. टॅबलेट पालथा.

पण काहीतरी सांगायचंय त्यांना. आठवडा झाला, रोज तेच — डावा पंजा डावीकडून उजवीकडे. मग जरा खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. आई म्हणाली चादर सारखी करायची असेल. केली. 'नाही'. टेबल पुसलं. 'नाही'. पडदा ओढला. 'नाही'. पंजा पुन्हा सुरू.

त्यांना जे हवंय ते माझ्या नऊ शब्दांत नाही. एवढंच नक्की.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबा कधीच पाटी घरून रंगवून नेत नसत. भिंतीसमोर जायचे. आधी पांढरा हात मारायचे. तो वाळेपर्यंत मालकाचा चहा पीत बसायचे, ऊन कुठून येतं ते बघायचे. अक्षर त्यानंतर. भिंत न बघता अक्षर टाकणाऱ्यांना ते रंगारी म्हणत नसत, जे म्हणत ते इथे लिहीत नाही.

माझा पडदा मात्र घरून रंगवून नेलेला. कुठलं बटण कुठे, केवढं, वर काय लिहिलेलं — हे सगळं खुणांच्या (बटण सुरू करायची एक, बंद करायची एक) एका फाइलीत असतं. कंपाइल केलं की ती अ‍ॅपच्या पोटात गोठते. आज ती बाहेर काढली. आता अ‍ॅप उघडलं की त्याच क्षणी फाइल वाचतं आणि तिथल्या तिथे पडदा मांडतं. फाइल घरच्या सामायिक फोल्डरात. बदला, अ‍ॅप पुन्हा उघडा, झालं.

'पाणी' सरकवलं. आठ सेकंद. 'नाही'. सरकवलं. आठ सेकंद. 'नाही'.

सतराव्या वेळी 'हो'.

नोकरीत इतका आनंद कधी झाला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात माझ्या शेजारी बसतो त्याला सगळे 'आधीच' म्हणतात. त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. त्याला कौतुकाने सांगितलं.

"आधीच सांगतो, पस्तावशील. कंपाइल करताना चूक निघाली तर ती फक्त तुला दिसते. अशी उघडी फाइल ठेवलीस तर ती थेट तुझ्या बाबांना दिसणार."

"घरातलीच तर माणसं आहेत."

"तेच म्हणतोय मी."

११ फेब्रुवारी, बुधवार

आईला फाइल सापडली.

आईने तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. खुणा तिला एका दुपारीत उमगल्या. बटणं आता बारा. 'भाजी छान झालीय'. 'तू दमलीस, बस जरा'. 'तुझंच बरोबर होतं'. शिवाय 'आता नको, नंतर'. 'चहा' गेला. "डॉक्टरांनी दोनच कप सांगितलेत, बटण कशाला हवंय दिवसभर?"

संध्याकाळी बाबांचं बोट घसरून 'तुझंच बरोबर होतं' दाबलं गेलं. आई कणकेच्या हाताने बाहेर आली. "अहो, परत म्हणा."

'नाही'.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

'नाही' गायब. "अगं, कान किटले माझे," आई म्हणाली. परत घातलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

परत गायब. परत घातलं. आई आणि मी एका टेबलावर जेवलो, बोललो नाही. बाबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. एवढी करमणूक त्यांची बऱ्याच दिवसांत झाली नसावी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

'आधीच' बरोबर ठरला.

आई गॅलरीत मावशीशी फोनवर. गॅसवर दूध. ते वर येताना बाबांना खोलीतून दिसलं. त्यांनी टॅबलेट घेतला — पडदा पांढरा. एकही बटण नाही. आईने दुपारी एक बटण वाढवलं होतं आणि त्याची बंद करायची खूण विसरली होती. एक खूण चुकली की अ‍ॅपला पुढचं काही वाचताच येत नाही. कंपाइल केलं असतं तर मला तिथेच कळलं असतं.

बाबांनी चप्पल फेकली. डाव्या हाताने, थेट गॅलरीच्या दारावर. चपलेला कंपाइल करावं लागत नाही.

तोवर दूध ओट्यावरून खाली आलं होतं. आईचा ऑफिसात फोन: "तुझ्या टॅबलेटवर नुसती पांढरी भिंत आहे."

फाइल उघडून बघितली. अर्धवट राहिलेलं बटण होतं, 'फोनवर बोलून घे सावकाश'.

'आधीच' सगळं ऐकत होता. त्याने बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला. टोमण्यापेक्षा ते जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन दुरुस्त्या. एक — फाइल वाचता आली नाही तर शेवटची धड असलेली प्रत आपोआप लागेल. पडदा पुन्हा चुकून पांढरा होणार नाही. दोन — बटण दाबून धरलं की ते सरकवता येईल, लहानमोठं करता येईल, पुसता येईल. नवं हवं असेल तर बोटाने पडद्यावरच काढता येईल. खुणा अ‍ॅप स्वतः लिहील. हे सगळं टॅबलेटवरूनच; फोल्डरातली फाइल आईला आता फक्त वाचता येईल. म्हणजे पडदा बाबांचा, फक्त बाबांचा.

"म्हणजे मी घरात पाहुणी," आई म्हणाली.

बोटाने काढायची सोय बाबांना दाखवली. त्यांनी बघितलं आणि पंखा लावायला सांगितलं. ती वापरणार नाहीत, माहीत होतं. तरी ठेवली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा दिवसभर बटणं सरकवतायत. जेवायला हाक मारली तर ऐकू आलं नाही, किंवा आलं.

'नाही' आता अर्ध्या पडद्याएवढं. मी परत घातलेला 'चहा' वरच्या ओळीत. 'तुझंच बरोबर होतं' कोपऱ्यात, मोहरीएवढं.

आईने चष्मा लावून बघितलं. "पुसलं नाही ना पण?" दिवसभर हेच सांगत होती, मावशीलासुद्धा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पंजा अजून थांबलेला नाही. डावीकडून उजवीकडे, खाली, डावीकडून उजवीकडे. आईने खिडकीच्या काचा पुसून घेतल्या. अर्ध्या पडद्याचं 'नाही'.

फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "सवय लागली असेल हाताला, मनावर घेऊ नका." बाबांनी डोळे मिटले. मला ते बघवलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी आईचा फोन. "परत पांढरं झालं. माझा चष्मा सापडत नाहीये, पण पांढरं आहे एवढं दिसतंय. आणि हे हसतायत."

ऑफिसातून फाइल उघडली. 'आधीच' खुर्ची ओढून शेजारी आला. चूक शोधली. चूक नाही. सगळ्या खुणा जिथल्या तिथे बंद. सगळी बटणं पुसलेली — एकेक, ओळीने, डावीकडून उजवीकडे. 'नाही'सुद्धा. पांढरा हात.

मधोमध एक नवं, बोटाने काढलेलं. शिरोरेघ घसरलेली, काने थरथरलेले. 'ब्रश काढा'.

आईला वाचून दाखवलं. माळ्याखाली स्टूल ओढल्याचा आवाज आला.

अक्षरांभोवतीचा समास चारही बाजूंना सारखा आहे. मी मोजला.