पालकांचे मत

३ ऑगस्ट
आजही तेच! "आमच्या बाई म्हणतात, पेन्सिल अशी नाही धरायची." लेकीला पेन्सिल धरायला मी शिकवलं होतं. मी! शाळेत घालायच्या आधी, शिवणयंत्रापाशी मांडीवर बसवून.

५ ऑगस्ट
वेणी चुकीची घातली म्हणे. बाईंची तशी नसते. सोडली, पुन्हा घातली.

८ ऑगस्ट
जाऊबाई ड्रेस सैल करून घ्यायला आल्या होत्या. त्यांचा मुलगा भल्यामोठ्या फीच्या शाळेत. "सरकारी शाळेत काय शिकवत असतील गं दुसरीतल्या पोरांना?" – नेहमीची टकळी. एरवी मी सणसणीत उत्तर देते. आज म्हटलं, "खरंय हो." शाळेची बाजू घ्यायची म्हणजे बाईंची घ्यायची, आणि ते काही माझ्याच्याने होईना.

खरं तर पोरगी छान वाचते. दुकानांच्या पाट्या, औषधाची बाटली, पुडीचा कागद – काही सोडत नाही. पण मला वाचून दाखव म्हटलं की, "बाईंना दाखवलं ना!" लिहूनच टाकते एकदाचं – मी बाईंवर जळते.

११ ऑगस्ट
शाळेतून छापील कागद आलाय. वर लिहिलंय, पालकांचे मत. शिकवण्याचा दर्जा कसा? मुलाला वाचता येते का? हे म्हणाले, "नीट भर बरं का. बाईंना इथे ठेवायचं की बदली करायची, ते यावरच ठरणार आहे म्हणे."

बदली! दुपारभर तेच डोक्यात. बटणं लावताना दोनदा सुई टोचली.

१२ ऑगस्ट
भरला. दर्जा – वाईट. वाचता येते का – नाही. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळायचं. अजून तसंच आहे, टपोरं. खाली सही ठोकली, घडी करून तिच्या दप्तरात ठेवला. "बाईंना दे." मान डोलावून गेली.

जिवाला चैन नाही. पण केलं ते केलं.

१३ ऑगस्ट
दप्तर उघडलं तर कागद तसाच!

"दिला का नाहीस?"

भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "तू खोटं लिहिलंस."

"तुला कोणी सांगितलं?"

"वाचलं."

मला धड रागावता येईना, धड रडता येईना. सात वर्षांची पोर! टपोरं अक्षरच नडलं.

"मग बाईंनी मागितला नाही?"

"मागितला. मी सांगितलं, आईला लिहिता येत नाही."

१४ ऑगस्ट
बाईंनी लेकीच्या वहीत निरोप पाठवलाय. वर लिहिलंय, 'आईला वाचून दाखव.' आणि तिने दाखवला! माझ्या शेजारी बसून, एकेका शब्दावर बोट ठेवून, कुठेही न अडखळता – "लाजू नका. चार वाजता शाळेत या. मी शिकवते."

साडेतीन झालेत. पेन घेतलंय. मताचा कोरा कागद त्यांच्याकडेच मागेन, आणि त्यांच्यासमोर बसून भरेन.