ताणावर सोडलेली बाग आणि नव्या वर्षाचे सिनेमे

२५ डिसेंबर, अकोला
सकाळीच निखिलचा पुण्याहून फोन. "आई, नव्या सुरुवातीचे सिनेमे पाठवलेत. रोज एक पाहा. नव्या वर्षाआधी मूड बनेल." मूड कसला, ते कळतं मला. हा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि मी त्याच्याकडे जायचं. भाडेकरू तयार आहे, एक तारखेच्या आत माझं हो-नाही हवं. हे गेल्यापासून मागे लागलाय पोरगा. प्रेमाने म्हणतो, म्हणून तर नाही म्हणवत नाही.
तेच सिनेमे माहेरी, शेंदूरजनाघाटला, दादाला पाठवले. तोही एकटाच, वैनी श्रावणात गेली. ठरलं, त्याने तिथे लावायचा, मी इथे. संपला की फोन.

२६ डिसें.
पहिला झाला. बाई नवऱ्याचं घर सोडते, समुद्रकाठी खानावळ काढते, शेवटी गिऱ्हाइकांची रांग. आवडला. दादाचा फोन: "थे सारं ठीक हाय मंगे, पन इनं भावाले काहून नाइ सांगतलं? भाऊ होता न इले?" भाऊ एकाच सीनला होता. दादाच्या बरा लक्षात राहिला.
लहानपणी बागेतली आंबिया बहाराची संत्री विकली गेली की वर्ष सरताना बाबा अमरावतीला सिनेमाला न्यायचे. शेवट गोड हवा, ही आईची अट. एकदा बाबा पोस्टरला फसले. नायक मेला. आई वरूडपर्यंत एसटीत रडत होती, बाबा चोरासारखे खिडकीबाहेर बघत. दादाने संत्रं सोलून तिला एकेक फोड दिली. घरी आल्यावर तीच हसत सुटली. कुठे गेले ते दिवस. फार आठवतात.

२७ डिसें.
दुसरा. पोरगा नोकरी सोडून डोंगरात शाळा काढतो. दादा: "याच्या मायले पाहाले कोन हाय घरी?" म्हटलं, सिनेमा आहे रे.
"म्हनून तं इचारून राहिलो."
जेवलास का विचारलं, तर "झालं." काय जेवलास, ते सांगेना.

२८ डिसें.
तिसरा अर्धाच पाहिला. एक लक्षात आलंय. या सिनेमांत जो तो नव्या गावाला जातो. स्टेशन, बॅग, खिडकीतला वारा. जुन्या घरी परत जाऊन नव्याने सुरुवात कोणीच करत नाही. निखिलला म्हटलं, तर हसला. "फार विचार करतेस, आई." सायलीने, म्हणजे सुनेने, माझ्या खोलीला नवे पडदे लावलेत. फोटो आला. छान आहेत. खरंच छान आहेत.

२९ डिसें.
दादा फोन उचलेना. दुपारी शेजारच्या बंडूचा आला, त्याची संत्र्याची बाग दादाच्या बागेला लागून. "आत्या, काकानं बगीच्याले पानी सोडलं. सकायपासून मोटर चालू हाय."
पाणी? आत्ता? बाग ताणावर आहे. थंडीत पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी दिलं की फुलं धरतात. मधेच दिलं तर नुसता पाला, बहार गेला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि दादाने, ज्याचा जन्म त्या बागेत गेला त्याने…
विसरायला लागला की काय, हीच धास्ती.
संध्याकाळी उचलला. ओरडलेच त्याच्यावर. तो शांत. "इसरलो नाइ व. घरात कोनी नाइ. बाहीर पाहो तं झाडं बी माना टाकून उभे. मले पाह्यवलं नाइ, मंगे."


३० डिसें.
सिनेमा नाही. बॅग भरली. निखिलला कळवलं, भाडेकरूला हो म्हण. खूश झाला. "मग पुण्याचं तिकीट काढतो." म्हटलं, थांब.
"थांब म्हणजे?"
मलाच नीट माहीत नाही रे. आधी दादाकडे जाते. तो म्हणाला, "तिथे धड दवाखाना तरी आहे का?" रागावलाय. त्याचंही चूक नाही. मला वाईट वाटतंय, आणि ते पडदे…

३१ डिसें.
अमरावतीला गाडी बदलायची होती, वेळ होता. ऑटो करून जुन्या टॉकीजवर गेले. तिथे लग्नाचा हॉल झालाय. ऑटोवाला: "बाई, उतरता का फिरवू?" फिरव म्हटलं. बाबा गेटकीपरला संत्री द्यायचे, तो आम्हाला पंख्याखालची जागा द्यायचा. ती जागा कुठे असेल, याचा उगाच अंदाज करत बसले.
शेंदूरजनाला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. दादा वाळलाय. बॅग घेतली, तिचं वजन पाहून माझ्याकडे पाहिलं.

१ जाने., शेंदूरजनाघाट
सकाळी बागेत गेलो. माती अजून ओली. पानं ताठ उभी, हिरवीगार. किती देखणी दिसतात झाडं, आणि नेमकं तेच नको होतं. दादा पुढे पुढे चालत राहिला, मागे वळलाच नाही.
दुपारी उरलेल्यांतला एक सिनेमा सोबत पाहिला. म्हातारा पोहायला शिकतो. दादा मनापासून हसला, मध्येच दोनदा डुलकी काढली. निखिलचा मेसेज आला, नुसत्या शुभेच्छा. मीही नुसत्याच दिल्या.
संध्याकाळी भाकरीचं पीठ मळायला घेतलं, तर दादा दाराशी येऊन उभा.
"किती दिवसाची आली?"
"बहार धरंपर्यंत." इथे आलं की माझी जीभही इथलीच होते.
तो हळूच म्हणाला, "यंदा धरनार नाइ, मंगे."
"मालूम हाय मले. तवा ठेव तिकडं."