तेराव्या फासळीतली ओल

३ मार्च
पोचले एकदाची! कॅथेड्रलमागच्या पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम आहे. साठ वर्षांपूर्वी जुनं दगडी चर्च पाडून हे उभं केलं. गोल, आत एकही खांब नाही. जमिनीतून निघालेल्या काँक्रीटच्या सोळा फासळ्या वर जाऊन एकमेकींना भेटतात, मधल्या फटींत निळी काच. दुपारी बाकांवर निळा उजेड सांडतो. ओल शोधायची आणि इमारत धडधाकट असल्याचा दाखला द्यायचा, एवढंच माझं काम. बारा तारखेला इमारतीचा साठावा वाढदिवस, दोन हजार माणसं येणार. फादर मिश्कील आहेत. म्हणाले, देव सगळ्यांचं ऐकतो, हे छतच कुणाचं ऐकत नाही.

५ मार्च
ओल वेदीमागच्या तेराव्या फासळीत आहे. पाणी नव्हे, काहीतरी चिकट. साबणाने तीनदा धुऊनही बोटं ओशटच. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, रोज पुसते, रोज पाझरतं. वास कसला विचारलं, तर नुसतं तोंड वाकडं केलं.

६ मार्च
फासळीला भोक पाडून मनगटाएवढा नमुना काढला. खडीत दगड कमी, पिवळट तुकडेच जास्त. कडेला एक दाढ. माणसाची, किडलेली.

८ मार्च
साठ वर्षांपूर्वीच्या बांधकामावरचा म्हातारा मुकादम भेटला. आधी उडवाउडवी केली, मग घडाघडा बोलला. पायासाठी जुन्या चर्चची दफनभूमी खणली. हाडं दुसरीकडे पुरायची होती, पण खडी संपलेली आणि वरून घाई. सगळं चुरायच्या यंत्रात घातलं. तेराव्या फासळीत गेली ती प्रेतं त्याच वर्षीची, ओली होती. त्यांत त्याची आईही होती.
फादरना सगळं ठाऊक होतं! म्हणाले, झाकली मूठ झाकलेलीच बरी, पोरी, दाखल्यात ‘ओल’ एवढंच लिही.
मी लिहिलं. सहीही केली. शी!

१० मार्च
भोक बुजवायला गेले. कडा मऊ झाल्यात. गुलाबी, हिरडीसारख्या. दाबलं तर लाळ — आत तीन दात. भोक पाडलं तेव्हा नव्हते.

११ मार्च
मावशी आल्याच नाहीत. मीच पुसलं. पुसू तेवढं जास्त सुटतं. दाखला परत मागितला. फादर म्हणाले, उद्यावर आलंय, आता कसलं —

१२ मार्च
लोक आत येतायत. लेकरंबाळं घेऊन. बाहेर व्हा म्हणून ओरडले, गाण्यात कुणाला ऐकूच — पुरावा दाखवते म्हणून दात उपटायला भोकात डावा हात घातला. कोमट. कोपरापर्यंत गेला. सोडत नाही. उजव्याने लिहितेय. चावत नाही, नुसतं चोख —